मालक, एक पत्र द्या : सोलापुरातल्या वृत्तपत्र-मालकांना आणि संपादकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील दैनिके, साप्ताहिके, वृत्तवाहिन्या आणि यूट्यूब चॅनेल यांचे मालक, संपादक व व्यवस्थापक यांस

विषय : परदेशात वार्तांकनासाठी जाऊ इच्छिणाऱ्या बातमीदारास संस्थेचे पत्र देण्याबाबत

मालक, सप्रेम नमस्कार.

विषयाची ओळ कारकुनी थाटात लिहिली आहे, कारण मागणीही तेवढीच आहे. संस्थेच्या लेटरहेडवर एक पान, खाली शिक्का आणि सही. हे एक पान आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक बातमीदारांना मिळत नाही. त्यामुळे परदेशी वकिलातीच्या खिडकीपर्यंत पोचण्याआधी इथंच, नवी पेठेतल्या एखाद्या जिन्यावर, त्यांची फाइल निकालात निघते. नाव मात्र व्हिसाचं होतं.

बातमीदारानं परदेशात जायचं म्हटलं की आपल्याकडं उत्तर ठरलेलं असतं. "कशाला ओ? आधी गावातलं बघा की." यात तथ्य नाही असं नाही. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथल्या बातमीदाराला गावात कामाची टंचाई नाही. पण मी ज्या पोरांबद्दल लिहितोय, त्यांना गावातलंच बघायला जायचंय. गावातून निघालेल्या मालाचं आणि माणसाचं पुढं काय झालं, ते बघायला.

डाळिंब घ्या. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या पट्ट्यातला भगवा जातीचा माल युरोपात जातो. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, बागेवर तेल्या रोग आला की आपण पहिल्या पानावर फोटो छापतो. कंटेनर निघाला की मात्र आपली बातमी संपते. 'सोलापूरचे डाळिंब सातासमुद्रापार' असा मथळा, शेजारी निर्यातदाराचा हसरा फोटो, आणि मजकूर त्यांच्याच प्रेसनोटमधला. रॉटरडॅमच्या बंदरात उतरल्यावर त्यातल्या किती पेट्या बाद झाल्या, फवारणीच्या औषधाचा अंश किती निघाला, जवळच्या बारेनड्रेख्टमधल्या घाऊक व्यापाऱ्यानं काय भाव दिला आणि त्यातलं सांगोल्याच्या शेतकऱ्यापर्यंत किती आलं, हे तिथं उभं राहून विचारायला कुणाला पाठवलंय आपण? शेतकऱ्याला निर्यातदार जो हिशेब दाखवतो, तोच आपण छापतो. दुसऱ्या टोकाचा हिशेब आपल्याकडं नाहीच.

टॉवेलचं तसंच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले कारखानदार मंदीचं कारण सांगताना बांगलादेश, पाकिस्तान, तुर्कस्तान अशी नावं घेतात आणि आपण ती जशीच्या तशी उतरवून घेतो. तुर्कस्तानातलं डेनिझली हे टॉवेलचंच शहर. तिथं माग कुठले, सूत कुठलं, कामगाराच्या हातात काय पडतं, हे कुणी बघून येऊन लिहिलं, तर अशोक चौकातला यंत्रमाग कामगार मजुरीवाढीच्या बैठकीत ते कात्रण खिशातून काढेल. कारखानदारालाही ते वाचावं लागेल.

आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच वारला. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्याची समाधी आहे. दरवर्षी जयंती-पुण्यतिथीला आपल्याकडं हाराचा फोटो येतो. अधिकारी बदलतात, मजकूर तोच. शिजियाझुआंगहून पाठवलेली बातमी आपल्या पानावर मला तरी आठवत नाही. तिथल्या शाळकरी पोरांना आज कोटणीस म्हणजे कोण वाटतो, गलवाननंतर त्या नावाचं तिथं काय झालं, हा विषय दिल्लीच्या बातमीदारासाठी चौकटीतला असेल. आपल्यासाठी तो पहिल्या पानाचा आहे.

आता व्हिसाचं. इथं जरा सविस्तर लिहितो, कारण व्हिसा म्हणजे पासपोर्टवरचा एक कागद, फिरायला जाणाऱ्याला मिळतो तसाच बातमीदारालाही मिळतो, असा समज मी फार मोठ्या खुर्च्यांवर बसलेला बघितलाय.

अमेरिकेनं परदेशी माध्यमांच्या प्रतिनिधींसाठी वेगळाच वर्ग ठेवलाय. त्याला 'आय' व्हिसा म्हणतात. नेहमीच्या व्हिजिटर व्हिसावर तुम्ही परिषदेला जाऊन बसू शकता, पाहुणा म्हणून व्याख्यान देऊ शकता, पण तिथून बातमी करायची नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, १८५ डॉलर भरायचे, ते नकार आला तरी परत मिळत नाहीत, आणि मुलाखतीला मुंबईत बीकेसीला जायचं. अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची खाती विचारतात. बातमीदार कुणासाठी, कशावर आणि किती दिवस काम करणार, हे त्याच्या संस्थेनं लिहून द्यावं लागतं. मुक्त पत्रकारालाही हा व्हिसा मिळतो, पण त्याच्या हातात एखाद्या माध्यमसंस्थेशी केलेला करार हवा. मनोरंजनाचा कार्यक्रम करायचा असेल तर हा वर्ग चालत नाही. आपल्याकडच्या काही चॅनेलांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

ब्रिटनची तऱ्हा निराळी. थोड्या दिवसांसाठी तिथं वेगळा पत्रकार व्हिसा नाही. साध्या व्हिजिटर व्हिसाच्या नियमांतच लिहून ठेवलंय की बाहेरच्या देशातल्या प्रकाशनासाठी किंवा कार्यक्रमासाठी माहिती गोळा करायला आलेला पत्रकार, निर्माता, कॅमेरामन चालेल. म्हणजे दार उघडं आहे, फक्त तुम्ही खरोखर बाहेरच्या प्रकाशनासाठी काम करता हे दाखवता आलं पाहिजे. ते कशानं दाखवणार? पुन्हा पत्रानंच.

शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा, डाळिंबवाल्याचा रस्ता. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, जून २०२४ पासून फी ९० युरो, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निकाल साधारण पंधरा दिवसांत, अडला तर पंचेचाळीसपर्यंत. बोटांचे ठसे द्यायला पुण्या-मुंबईची वारी. पत्रकाराच्या कामाबद्दल त्या-त्या देशाचे आणखी नियम असतात, ते ज्याच्या-त्याच्या वकिलातीत विचारूनच अर्ज करावा. फाइलला बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरण आणि नोकरीच्या ठिकाणचं पत्र लागतं. समोरच्या माणसाला मुळात एवढंच जाणून घ्यायचं असतं की हा ज्यासाठी येतोय म्हणतो ते खरं का, आणि हा परत जाणार का. दोन्हीचं उत्तर त्या पत्रात असतं.

चीनमध्ये पत्रकारांचे दोन व्हिसे. राहून काम करणाऱ्याला जे-१, आणि १८० दिवसांच्या आतल्या वार्तांकनाला जे-२. त्यासाठी आधी तिथल्या परराष्ट्र खात्याच्या माहिती विभागाची संमती लागते. हे प्रकरण कागदाइतकंच राजकारणाचंही आहे. २०२३ मध्ये भारत आणि चीननं एकमेकांच्या बातमीदारांचे व्हिसे अडवले आणि चीनमधल्या भारतीय बातमीदारांना एकामागून एक परतावं लागलं. २०२५ मध्ये थेट विमानं पुन्हा सुरू झाली. त्यामुळं आता विचारून बघायला हरकत नाही. पण विचारणार कुणाच्या लेटरहेडवर?

माझ्याकडं अशा फाइली घेऊन पोरं येतात. इंग्रजी जरा बरं आहे म्हणून फॉर्म तपासायला आणतात. त्यातल्या एकाची गोष्ट सांगतो. गाव, पेपर काही सांगत नाही.

तालुका प्रतिनिधी. डाळिंबावर सलग लिहिणारा, बागेत जाऊन लिहिणारा. मजुरी बातमीमागं, ती तुम्हाला ठाऊकच आहे. बाकीचं घर जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, त्यातही मोठा भाग नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांचा. पैसे मिळतात ते हातात. म्हणजे बँकेच्या स्टेटमेंटवर तो पत्रकार दिसतच नाही. दिसतो तो कधी दूध संस्थेचा सभासद, कधी भावाकडून उसने घेणारा. कात्रणं भरपूर होती, पण सगळ्यांवर 'प्रतिनिधी, सांगोला' किंवा 'वार्ताहरांकडून'. नाव एकावरही नाही. वकिलातीतल्या माणसाला मराठी येत नाही म्हणून निवडक कात्रणांचा इंग्रजी अनुवाद करून जोडायचा असतो. तो आम्ही केलाही. पण बातमी कुणाची, हे अनुवादात कुठून आणणार?

राहिलं संस्थेचं पत्र. तो संपादकांकडं गेला. संपादकांनी व्यवस्थापकांकडं धाडलं. व्यवस्थापक म्हणाले, मालकांना विचारा. मालक मनानं मोठे. चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "लेटर कशाला पाहिजे? कुठं अडलं तर सांग, मी फोन करतो की."

मालक, हे आपलं सोलापूर आहे. पोलीस ठाण्यात, महापालिकेत, झेडपीत तुमचा फोन चालतो, त्याबद्दल आम्ही वेळोवेळी उपकृतही झालोय. डच वकिलातीत तो चालत नाही. तिथं कोण बोलतंय ते कुणी विचारत नाही, काय लिहून दिलंय तेवढं वाचतात.

पत्र काही आलं नाही. मग एजंटानं त्याला नेहमीचा सल्ला दिला. "टुरिस्ट टाका. पत्रकार लिहूच नका, शेती लिहा. तुमचा सातबारा आहे ना?" हा सल्ला देणारा एजंट एकटा नाही. तुमच्या ऑफिसांतही हाच सल्ला मिळतो, जरा गोड शब्दांत. "फिरायला म्हणून जा, आल्यावर लिही." पोरगा शहाणा निघाला, गेला नाही. डाळिंबाची ती बातमी अजून कुणीच केलेली नाही.

या 'फिरायला म्हणून जा'बद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण त्याची किंमत तुम्हाला कधीच मोजावी लागत नाही.

२००४ च्या मे महिन्यात एलेना लॅपिन ही ब्रिटिश लेखिका लंडनच्या एका दैनिकाच्या कामासाठी लॉस एंजेलिसला उतरली. ब्रिटिश नागरिकाला अमेरिकेत थोड्या दिवसांसाठी व्हिसाशिवाय जाता येतं. पण ती सवलत वार्तांकनाला लागू नाही. विमानतळावर तिनं खरं सांगितलं, पत्रकार आहे. तिची झडती घेतली, बेड्या घातल्या, रात्रभर कोठडीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवलं. पासपोर्ट ब्रिटनचा, मागं नावाजलेलं दैनिक. तरी हे झालं. सांगोल्याच्या पोराचं काय होईल, याचा अंदाज तुम्हीच करा. तिनं खरं तरी सांगितलं होतं. आपण पोरांना खोटं लिहायला सांगतो. अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर अमेरिकेचा कायदा त्या माणसाला कायमचं दार बंद करू शकतो. दुसऱ्या देशाचा अर्ज भरताना आधी कुठं नकार मिळाला का, हा प्रश्न पुन्हा समोर येतोच. शेतकरी म्हणून अर्ज केला आणि फेसबुकवर 'प्रेस' लिहिलेल्या माइकसह चारशे फोटो असले, तर तपासणाऱ्याला हुशार असण्याचीही गरज नाही.

आणि हे फक्त तिकडचेच लोक करतात असं समजू नका. कुणी परदेशी वाहिनी उद्या गड्ड्याची यात्रा किंवा चादरीचे माग चित्रित करायला सोलापुरात आली, तर तिलाही आपल्या सरकारचा पत्रकारांसाठीचा जे व्हिसा घ्यावा लागतो, पर्यटनाच्या ई-व्हिसावर ते चालत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्याच माणसाकडं ओसीआय कार्ड असलं, तरी पत्रकारितेसाठी त्याला वेगळी परवानगी काढावी लागते, असा नियम २०२१ मध्ये केंद्रानं स्पष्ट केला. सगळ्याच सरकारांना बातमीदाराची भीती वाटते. ही भीती योग्य की अयोग्य यावर वेगळं पत्र लिहिता येईल. पण आपण ज्या खिडकीत उभे आहोत तिथला नियम हा आहे.

तुम्ही पत्र का देत नाही, याचं खरं कारण आपण दोघंही जाणतो. ते चिक्कूपणाचं नाही. भीतीचं आहे.

'अमुक हे आमच्या दैनिकात बातमीदार म्हणून काम करतात' असं लेटरहेडवर लिहून दिलं, की तो कागद उद्या कामगार न्यायालयात पुरावा म्हणून येईल. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्रानं नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित केल्या, सर्वोच्च न्यायालयानं ७ फेब्रुवारी २०१४ ला त्या उचलून धरल्या, आणि तेव्हापासून आपल्याकडं कागद देताना हात आखडतो. ओळखपत्र देतात, त्यावर मुदत नसते. नेमणूक तोंडी. हुद्दा विचारला तर 'आमचाच माणूस आहे'. १९५५ चा श्रमिक पत्रकारांचा कायदा आता नव्या श्रमसंहितांत गेलाय आणि त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देण्याचं बंधन आहे. तेव्हा ही भीती तशीही फार दिवस पुरणार नाही. पण तो वाद आज माझ्या पत्राचा विषय नाही. संघटना आहेत, वकील आहेत, तो तिथं चालू दे.

कारण तुमची अडचण जशीच्या तशी ठेवूनही हे पत्र देता येतं. जो पगारी आहे त्याला सरळ लिहा की हा आमचा बातमीदार, अमुक तारखेपासून, अमुक हुद्द्यावर, अमुक पगारावर. जो पगारी नाही त्याच्याशी त्या एका कामापुरता करार करा. अमुक विषयावर, अमुक देशात, अमुक ते अमुक तारखेदरम्यान, इतक्या बातम्या, इतकं मानधन. मानधनाचा आकडा मात्र खरा लिहा आणि तो बँकेतून द्या. पाच हजार असले तरी चालतील. 'मोफत' लिहू नका. फुकटात सातासमुद्रापार जाऊन बातमी आणणारा माणूस कुठल्याही अधिकाऱ्याला संशयास्पदच वाटणार. मला स्वतःलाही वाटेल.

पत्रात आणखी थोडं हवं. प्रवासाचा खर्च कोण करणार ते. तिथं कुणाला भेटणार, त्यांची होकाराची ई-मेल आली असेल तर ती सोबत. परत कधी येणार. खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि असा फोन नंबर, जो दुपारी कुणीतरी उचलेल. वकिलातीतून खातरजमा करायला खरंच फोन येतो. अशा वेळी ऑफिसातल्या पोरानं "कोण? असलं कोण नाय इथं" म्हटल्याचे किस्से आपल्या धंद्यात कमी नाहीत. सोबत वृत्तपत्राच्या नोंदणीच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा. यूट्यूबवाल्यांची इथं पंचाईत आहे. नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, पण डिजिटल माध्यमं त्याच्या कक्षेत नाहीत. तेव्हा त्यांनी निदान कंपनीची किंवा उद्यम नोंदणी, जीएसटी, चॅनेलचे नियमित भाग, जे काही ठोस असेल ते द्यावं. गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट केलेलं लाल अक्षरातलं 'प्रेस' कार्ड देऊ नये. त्या कार्डानं टोलनाकासुद्धा हल्ली सुटत नाही.

राज्य सरकारची अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे पत्रकार असल्याचं सरकारी ओळखपत्र, व्हिसाला सक्तीची नाही, पण फाइलमध्ये असली की वजन पडतं. तिच्यासाठीही संस्थेनंच नाव सुचवावं लागतं. हे नाव सुचवताना बातम्या लिहिणाऱ्याची आठवण ठेवा. जाहिरात विभागातल्या, वितरणातल्या आणि घरातल्या माणसांची ठेवता, तशी.

बायलाइन द्या. याला काहीच पैसे पडत नाहीत. बागेत उन्हात उभं राहून आणलेल्या बातमीवर माणसाचं नाव आलं तर पेपरचा खप घटत नाही.

कॅमेरा नेणाऱ्यांसाठी दोन ओळी. जाताना विमानतळावर कस्टमकडून सामानाचा निर्यात दाखला करून घ्यावा, नाहीतर येताना स्वतःच्याच कॅमेऱ्यावर ड्युटी भरायची पाळी येते. सामान जास्त असेल तर एटीए कार्नेट नावाचा कागद असतो, भारतात तो फिक्की ही उद्योजकांची संघटना देते. तो कागद चालणाऱ्या देशांत त्यावर सामान नेता-आणता येतं.

खर्चाचा प्रश्न उरतो, आणि तो खोटा नाही. सोलापूरच्या दैनिकाला रॉटरडॅमचा खर्च झेपत नाही, मान्य. पण आपले बातमीदार परदेशात जातच नाहीत असंही नाही. जातात. कुणाच्या तरी अभ्यास दौऱ्यात, कुठल्या तरी शिष्टमंडळात, पुढाऱ्याच्या खर्चानं, टुरिस्ट व्हिसावर. परत आल्यावर 'दुबईची स्वच्छता' आणि 'इस्रायलचं पाणी' अशा चार भागांच्या लेखमाला येतात. त्यात नेणाऱ्याचा फोटो दोनदा असतो. तो पैसा आहेच ना गावात? निर्यातदार संघाकडून, साखर कारखान्याकडून खर्च घ्यायचाच असेल तर घ्या, पण पत्रात तसं लिहा आणि बातमीखालीही छापा. वाचक एवढा भाबडा नाही. किंवा तीन-चार पेपरांनी मिळून एकच माणूस पाठवा. बातमी चौघांनी वापरावी. सोलापुरात चार मालक एका टेबलाला बसत नाहीत, हे मला माहीत आहे. पण सिद्धेश्वर यात्रेत बसतातच की.

श्रमिक पत्रकार संघालाही एक सुचवायचंय. पत्रकार भवनात महिन्यातून एक संध्याकाळ ठेवा. ज्यांनी व्हिसा काढलाय त्यांनी नव्यांच्या फाइली बघाव्यात, पत्राचा नमुना मराठीत आणि इंग्रजीत तयार ठेवावा, कात्रणांचा अनुवाद कुणाकडून करून घ्यायचा ते सांगावं. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू लिहिणारी माणसं एका गल्लीत सापडतात. त्यातली इंग्रजीत लिहिणारी चार मिळणं अवघड नाही.

तुमच्यापैकी काहींच्या ऑफिसात जुन्या संपादकांच्या तसबिरी आहेत. १९३० च्या सोलापुरातल्या मार्शल लॉमध्ये 'कर्मयोगी'चे रामभाऊ राजवाडे आपल्या पेपरात छापलेल्या मजकुरापायी तुरुंगात गेले. तेव्हा पेपरावर सही करणं म्हणजे काय, हे त्या पिढीला नीट कळत होतं. तुमच्याकडं तेवढं कुणी मागत नाही. तुमच्याच माणसाबद्दल, तो तुमच्यासाठी काम करतो, एवढं खरं वाक्य लिहून त्याखाली सही करायची आहे.

नमुना माझ्याकडं तयार आहे. जो मागेल त्याला पाठवतो, लेटरहेड तेवढं तुमचं. आणि यंदा कोटणीसांच्या पुण्यतिथीला कुणाला शिजियाझुआंगला धाडायचं मनात असेल, तर जे-२ च्या संमतीला वेळ लागतो हे धरून पत्र गणपतीच्या आधी निघायला हवं. त्यानंतर दिवाळी अंकाच्या जाहिराती सुरू होतात, आणि मग तुम्ही कुणालाच भेटत नाही.

कळावे,
आपला
सोलापुरातला एक मुक्त पत्रकार